दादारावांची टिंबं

प्रिय इरा आणि नील,

मागच्या रविवारी फोनवर इरा सांगत होती, की तिच्या शाळेतली मुलं मोबाईल घेऊन नदीकाठी जातात, परदेशातून आलेल्या तणांचे फोटो काढतात आणि ते नकाशावर लावतात. मग तिने विचारलं, "आजी, तुमच्याकडे असं कुणी करतं का?" मी "हो, करतात" एवढंच म्हणाले, कारण तेवढ्यात नीलला भूक लागली. फोन ठेवल्यावर मला चुकल्यासारखं वाटत राहिलं. आमच्याकडे ते दादाराव साळवे करत होते. त्यांना जाऊन आता वर्ष होईल. त्यांच्याविषयी कागदावर दोन ओळी लिहील असं दुसरं कुणी मला दिसत नाही, म्हणून मी लिहायला बसले आहे.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. माझंही शिक्षण इंग्रजीतून झालं आणि पुढे शाळेत मी इंग्रजीच शिकवलं. काल एक पान तसं लिहून पाहिलं. पण त्यातले दादाराव एखाद्या निवृत्त बँक अधिकाऱ्यासारखे बोलू लागले. तेव्हा हे मराठीतच. अडेल तिथे आईला विचारा.

तुम्ही त्यांना एकदा पाहिलं आहे. दोन दिवाळ्यांपूर्वी तुम्ही आला होतात तेव्हा फाटकाशी एक सडपातळ आजोबा उभे होते. पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, भर उन्हात पूर्ण बाह्यांचा सदरा, मनगटाची आणि गळ्याची बटणं लावलेली. नीलने मला विचारलं होतं, त्यांना थंडी वाजते का. थंडी वाजत नव्हती. त्यांच्या मानेची आणि हातांची कातडी गाजरगवताने कायमची बिघडलेली होती. ऊन लागलं की ती पेटायची.

गाजरगवत तुम्ही पाहिलं आहे, नाव माहीत नसेल. गाजराच्या पाल्यासारखी पानं, वर बारीक पांढरी फुलं. परदेशातून आलं आणि मोकळी दिसेल ती जागा त्याने घेतली. काहींना त्याने दमा होतो, काहींच्या अंगाला अशी खाज सुटते की झोप लागत नाही.

दादाराव मोजणी खात्यात साखळीवाले होते. आता जमीन यंत्राने मोजतात. त्यांच्या उमेदीच्या काळात लोखंडी साखळीने मोजत. साखळी तेहतीस फुटांची, आणि तिचे भाग सोळा, त्यांना आणे म्हणायचं. साहेब कागदावर रेघा मारायचे आणि साखळीचं टोक धरून दादाराव बांधाबांधाने पुढे जायचे. दोन शेतांमधल्या बांधावर नांगर फिरत नाही, म्हणून गाजरगवत तिथेच सगळ्यात जास्त माजतं.

"साहेब कडंकडंनं जायचे, बाई, आन साखळी गवतातून," ते सांगायचे. "साखळीला काय खाज सुटत नाय."

नोकरी संपून बरीच वर्षं झाली तरी त्यांच्या डोक्यातली साखळी सुटली नव्हती. आमच्या पुंडलिकनगरात दूधवाला त्यांच्या घरापासून दोन साखळ्या आठ आणे होता आणि बाग नऊ साखळ्या. त्यांची तेरा पावलं म्हणजे एक साखळी. चालताना ओठ हलायचे, आणि तेव्हा त्यांच्याशी बोललेलं त्यांना चालायचं नाही. एकदा मी समोरून येताना विचारलं, औषधाचं दुकान उघडलं का. त्यांनी हात वर केला, "नऊ," म्हणाले, आणि पुढे गेले. चार पावलं जाऊन वळले आणि म्हणाले, "उघडलंय. जयभीम, बाई."

या माणसाच्या हातात फोनवरचा नकाशा कसा आला, ते आता सांगते.

फरहाना मॅडम इथल्या एका कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवतात. तुमच्या आईपेक्षा थोड्या लहान. एका सकाळी त्यांनी बागेत फिरायला येणाऱ्या आम्हा निवृत्त मंडळींना बाकांवर बसवलं आणि आपलं ॲप दाखवलं. नको असलेल्या झाडासमोर उभं राहायचं, फोटो काढायचा, यादीतून नाव निवडायचं. फोन जागा स्वतःच टिपून घेतो आणि सगळ्यांच्या नकाशावर तिथे लाल टिंब उमटतं. झाड मुळासकट काढलं की पुन्हा तिथे जाऊन फोटो काढायचा, टिंब हिरवं होतं. परत उगवलं तर पिवळं. लाल टिंबांची गर्दी जिथे दिसेल तिथे आधी माणसं पाठवायची, तेही फुलं यायच्या आत, कारण बी पडलं की पुढची कित्येक वर्षं ते उगवतच राहतं.

"काही शंका?" फरहानाने विचारलं.

एकाने फोनचा आवाज वाढत नसल्याची तक्रार केली. दुसऱ्याला नातवाचे फोटो सापडत नव्हते. मग मागच्या बाकावरून दादाराव म्हणाले, "मॅडम, हे टिंब किती फुटाचं?"

"म्हणजे, चाचा?"

"म्हणजे चुकलं तर कितीनं चुकतं?"

फरहानाचा चेहरा खुलला. त्यांना हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. "आकाश मोकळं असेल तर पाच मीटर. झाडाखाली, भिंतीजवळ दहासुद्धा."

"दहा मीटर," दादाराव शेजारच्या जोशीसाहेबांकडे वळून म्हणाले. "दहा मीटरमधी आमच्याकडं तीन सख्खे भाऊ कोर्टात जातात."

मग फरहानाने त्यांना स्क्रीनवरचं निळं वर्तुळ दाखवलं. ते मोठं असेल तर फोनला आपली जागा नीट सापडलेली नाही. उघड्यावर स्तब्ध उभं राहिलं, की ते हळूहळू लहान होत जातं.

"थांबलं की बारीक होतंय व्हय? मंग थांबू की."

आणि त्या दिवसापासून आम्ही सगळे थांबू लागलो. एका गाजरगवताच्या झाडापुढे पाच-सहा म्हातारी माणसं श्वास रोखून उभी, असं दृश्य पुंडलिकनगरने रोज पाहिलं. जोशीसाहेब अंगाने भरपूर. एकदा वैतागून म्हणाले, "दादाराव, हे वर्तुळ बारीक होईपर्यंत मी बारीक होईन."

"बरंच की, साहेब. डॉक्टर बी तेच म्हणत्यात."

त्यांचा नियम एकच होता. पाय लागल्याशिवाय टिंब नाय. गच्चीवरून दिसलं, रिक्षातून दिसलं, शेजारणीने सांगितलं, असलं काही त्यांना खपत नसे. या काटेकोरपणाने माणसं गळाली. आम्ही अकरा जण सुरू झालो होतो, पावसाळा संपेपर्यंत पाच उरलो. मी टिकले, आणि त्यांच्या मते सगळ्यात मोठी चूक मीच केली.

तुम्हाला माझी सवय माहीत आहे. मला उभ्याने काही लिहिलेलं आवडत नाही. मी सकाळी फिरताना वहीत नोंद करायची. गल्ली, जागा, झाड, किती, शेजारी खूण काय. फोटोही काढून ठेवायची. घरी येऊन चहा झाल्यावर जेवणाच्या टेबलाशी बसून ती सगळी माहिती ॲपमध्ये भरायची, शुद्धलेखन तपासून. अशी आठ दिवस भरली.

नवव्या दिवशी सकाळी फाटकाशी टेम्पो थांबला. वॉर्डातलं गवत काढणारी पाच माणसं विळे, खोरी आणि पाठीवरचे पंप घेऊन उतरली. त्यांचा मुकादम फोन बघत आत आला. "आजी, सरका. तुमच्या घरात लई गाजरगवत दाखवतंय."

"माझ्या घरात?"

"व्हय. एकेचाळीस टिंबं हायेत. हॉलमधी."

फोन जागा टिपतो ती आपण जिथे माहिती भरतो तिथली, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. सगळ्या पुंडलिकनगरचं गाजरगवत मी आठ दिवस व्यवस्थित आपल्या जेवणाच्या टेबलावर आणून ठेवलं होतं. मुकादम बिचारा दारातून आत डोकावून बघत होता, कुंड्यांत काही आहे का. तेवढ्यात दादाराव आले. ते हसले नाहीत. हसले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी माझी वही मागून घेतली, पानं उलटली, आणि म्हणाले, "नोंद लई चांगली हाय, बाई. अक्षर तर छापल्यावानी. पण वही घरी येती, जमीन घरी येत नाय."

नंतरचे चार दिवस त्यांनी मला एकेचाळीसही जागी पुन्हा नेलं. प्रत्येक जागी उभं केलं. वर्तुळ लहान होईपर्यंत थांबवलं. मधल्या काळात तीन जागचं गवत कुणीतरी काढलं होतं, तर तिथेही त्यांनी मला उभं करून हिरवं टिंब लावायला लावलं. जोशीसाहेबांनी ही गोष्ट पुढे वर्षभर प्रत्येक पाहुण्याला सांगितली. दादारावांनी कुणालाही सांगितली नाही.

ते हसत नसत असं मात्र समजू नका. त्यांचा विनोद कामाच्या पोटात असायचा. गाजरगवत खाऊन जगणारे एक जातीचे भुंगे असतात, लहानसे, पाठीवर काळ्या रेघा असलेले. फरहानाने त्यांतले थोडे आणून दिले. दादारावांनी ते पेढ्यांच्या रिकाम्या खोक्यात, झाकणाला भोकं पाडून, मागच्या मोकळ्या प्लॉटवर नेले आणि पानांवर सोडले. दोन दिवसांनी कुणीतरी तिथे तणनाशक फवारायला आलं. फवारलं तर भुंगेही उपाशी मरणार. दादारावांनी त्यांना परत पाठवलं आणि प्लॉटच्या तोंडाशी खडूने लिहिलेली पाटी उभी केली. "कामगार कामावर आहेत. फवारू नये."

प्लॉटचे मालक आठवड्याने आले, पाटी वाचली आणि अर्धा तास कामगार शोधत फिरले.

एवढ्यावर थांबले असते तर ती एका हौशी शेजाऱ्याची हकीकत झाली असती. पण मला तुम्हाला त्यांच्या आक्कांची गोष्ट सांगायची आहे.

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात फरहानाने काम शहराबाहेर नेलं. गंगापूरच्या वाटेवर एका खेड्याजवळून ओढा जातो. त्याचे दोन्ही काठ वेड्या बाभळीने गिळले होते. ही आपली गावठी बाभूळ नव्हे. सरपणाला होईल म्हणून बाहेरून आणलेली. शेळ्या शेंगा खातात, लेंड्यांतून बी सगळीकडे जातं, आणि हिच्या खाली गवताची काडी उगवत नाही. काटा रुतला तर ठणका आठवडाभर राहतो. ठरलं असं, की उन्हाळ्यात टिंबं लावायची, यादी तालुक्याच्या कचेरीत द्यायची, आणि पावसाळा सरून जमीन वाळली की दसऱ्यानंतर मशीन लावून काठ साफ करायचा.

डावा काठ दादारावांनी घेतला. मला वही धरायची परवानगी होती, तेवढीच. आम्ही शेअर जीपने फाट्यावर उतरलो आणि कामाला लागलो. दोन तासांत पुष्कळ टिंबं लागली. मग एके ठिकाणी दादारावांनी फोन खिशात घातला आणि न थांबता चालत राहिले. डाव्या हाताला वेडी बाभूळ भिंतीसारखी उभी होती.

"दादाराव, हे राहिलं," मी म्हटलं.

"पाणी पिऊ आधी," ते म्हणाले.

त्या भिंतीआड एक पत्र्याचं घर होतं, पुढे दोन एकरांचं शेत. दारात एक म्हातारी बसली होती. त्यांची थोरली बहीण गयाबाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुली सासरी.

"ये," ती म्हणाली. "आन ह्या कोण?"

"आमच्या तिकडच्या बाई हायेत, आक्का."

"बसा बाई. उन्हाचं हिंडवलं व्हय ह्यानं? लहानपणी बी असाच. बैल हुडकायला धाडावं तर हा पावलं मोजीत बसायचा." तिने चूल पेटवली, काळा चहा ठेवला, आणि पाठमोरीच म्हणाली, "साऱ्या वड्याला टिंबं लावीत आलास म्हणं. माझ्या दारात आल्यावर फोन खिशात गेला. ब्याटरी सरली का?"

दादारावांनी बूट काढून दाराशी ठेवले.

"तुझ्या टिंबावर मशीन येतंय म्हणत्यात."

"बाभळीवर येतं, आक्का."

"मशीनला काय कळतं बाभूळ कुठली आन बांध कुठला?"

हे तुम्हाला समजावून सांगायला हवं. गयाबाईचं शेत गायरानावर होतं. गायरान म्हणजे गावच्या गुरांना चरायला राखलेली सरकारी जमीन. ज्या घरांना बापजाद्यांची जमीन कधी मिळालीच नाही, त्यांतल्या कित्येकांनी, विशेषतः दादारावांच्या समाजातल्या लोकांनी, असे पडीक तुकडे दगड वेचून कसायला घेतले. गयाबाई त्या जमिनीवर चाळीस वर्षं राबत होती. पण कागदावर तिचं नाव नव्हतं. नाव लागावं म्हणून दिलेले अर्ज तिच्या पेटीत होते, उत्तर नव्हतं. शेत वाचवायला कुंपण होतं ते त्या वेड्या बाभळीचंच. मशीन आलं तर कुंपण जाणार, आणि मशीनमागून कचेरीतलं कुणी आलं तर विचारणार, की इथे शेत कुणाचं.

परतताना आम्ही फाट्यावर जीपची वाट बघत उभे होतो. दादाराव आपण होऊन बोलू लागले.

"एका गावाला गायरान मोजलं व्हतं आम्ही. रेघ एका बाईच्या चुलीवरून जात व्हती. मी म्हणलं, साहेब, आठ आणे इकडं घेतलं तर काय व्हतंय. साहेब म्हणाले, दादाराव, जमीन कुणाची नातेवाईक नसती. बरोबरच व्हतं त्यांचं. त्यांनी रेघ मारली. साखळीचं टोक माझ्या हातात व्हतं." जीप आली, आम्ही चढलो. बसल्यावर त्यांनी वाक्य पुरं केलं. "आता मीच साहेब झालो, बाई."

दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले आणि नकाशा उघडायला सांगितला. ओढ्याच्या डाव्या काठाने लाल टिंबांची ओळ, मध्ये चार साखळ्यांची मोकळी जागा, मग पुन्हा ओळ. बघायलाही ते विचित्र दिसत होतं. मी म्हटलं, इतक्या टिंबांत एवढी जागा सुटली तर चालेल, दादाराव.

"तुम्ही एकेचाळीस घरात लावली तवा मी सोडली व्हती का?"

मी नकाशा मिटला. आम्ही दोघं फरहानाकडे गेलो. दादारावांनी चपला बाहेर काढल्या आणि उभ्यानेच सांगितलं, "तिथं झाड हाय. मी उभा राहिलो व्हतो. टिंब लावलं नाय."

फरहानाने सगळं ऐकून घेतलं. "चाचा, बैठो तो सही. मी ती जागा झाकून ठेवू शकते. नकाशावर कुणाला दिसणार नाही, फक्त यादीत राहील."

"यादी कुठं जाती?"

"कचेरीत."

"मंग झाकायची कुणापासून?"

फरहानाने फोन टेबलावर ठेवला. मग दादाराव म्हणाले, "दसऱ्यापर्यंत मला द्या. समदी बाभूळ मी काढतो. टिंब लावीन, पण हिरवं लावीन."

"नियमाने आधी लाल लागतं, चाचा."

"लाल कागदावर घ्या. माझ्या सहीनं. दसऱ्याच्या आत हिरवं नाय झालं, तर तुमच्या हातानं चढवा आन मशीन येऊ द्या."

फरहानाने कागद लिहिला. दादारावांनी चष्मा पुसून तो दोनदा वाचला आणि खाली सही केली, सावकाश, प्रत्येक अक्षर पाडून. उभ्या नोकरीत कुठल्याही नकाशावर त्यांची सही झाली नव्हती. पहिली झाली ती ही.

गयाबाईला हे पटलं नाही. आपलं कुंपण आपणच तोडायचं, हे कसं पटावं? तीन दिवस ती भावाशी बोलली नाही. दादाराव रोज पहिल्या जीपने जायचे, बांधावर बसायचे, शेवटच्या जीपने परत यायचे. चौथ्या दिवशी तिने कुऱ्हाड त्यांच्यापुढे टाकली. "तोड. पण शेळ्या तूच राखायच्या."

वेडी बाभूळ नुसती तोडून मरत नाही. जमिनीखाली हातभर खोल तिचा गड्डा असतो, तो खणून काढला नाही तर दुप्पट जोमाने फुटते. अडुसष्टाव्या वर्षी दादारावांनी एकेक गड्डा खणला, त्याच बंद गळ्याच्या सदऱ्यात. मोकळ्या झालेल्या जागी निर्गुडीच्या काड्या लावल्या. निर्गुडी आपली, इथलीच. तिचा वास उग्र, म्हणून शेळी तिला तोंड लावत नाही. काड्या आमच्या अंगणातल्या झाडाच्या होत्या. एका रविवारी फरहाना आणि मी मदतीला गेलो. मी दोरी धरून सरळ रेघेत सात काड्या लावल्या. पाच जगल्या. उरलेल्या दोन जागी नव्या काड्या कधी लागल्या मला कळलं नाही, पण नंतर गेले तेव्हा तिथे सात होत्या.

पण काडीचं कुंपण व्हायला वेळ लागतो, आणि शेतातली तूर कुणासाठी थांबत नाही. त्या पावसाळ्यात शेत उघडं होतं. दादाराव काठी घेऊन दिवसभर बसायचे. तरी ते एका टोकाला असले की शेळ्या दुसऱ्या टोकाने शिरायच्या. तुरीचे शेंडे गेले. गयाबाईचं जवळजवळ निम्मं पीक बुडालं.

"तुझ्या टिंबापायी माझी तूर गेली," ती माझ्यासमोरच म्हणाली. "आता शेळ्यांचा बी एक नकाशा काढ. कोण कुठून शिरती ते कळंल तरी."

"व्हय, आक्का."

"व्हय काय? निम्मी तूर गेली."

"गेली," दादाराव म्हणाले. त्यांनी कारणं दिली नाहीत. भाद्रपदात, खोल राहून गेलेल्या काही गड्ड्यांना पुन्हा कोंब आले तेव्हा कुऱ्हाड मात्र गयाबाईने स्वतः उचलली, आणि कुदळ त्यांच्या हातात दिली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही सगळे तिथे होतो. काठावर एकही वेडी बाभूळ नव्हती, गुडघ्याएवढी निर्गुडी होती. दादाराव मधोमध जाऊन उभे राहिले, वर्तुळ लहान होईपर्यंत थांबले, फोटो काढला. ॲपमध्ये शेवटी नाव विचारतात, काम कुणी केलं. त्यांनी तिथे हळूहळू लिहिलं, गयाबाई. हिरवं टिंब उमटलं.

गयाबाई कमरेवर हात ठेवून बघत होती. "म्हंजी आता मी दिसती का त्यात?"

"तू नाय दिसत. टिंब दिसतं."

"मंग नाव कशापायी घातलं?"

"टिंबाला बोट लाव."

तिने पदराला बोट पुसलं आणि लावलं. तिला वाचता येत नव्हतं. ती माझ्याकडे बघू लागली, तेव्हा मी वाचून दाखवलं. गाव, जागा, झाड काढलं, नाव गयाबाई.

"आजून एकदा वाचा," ती म्हणाली.

फरहानाने त्या पानाची छापील प्रत आणून दिली. ती गयाबाईच्या पेटीत अर्जांबरोबर गेली. कचेरीत त्या कागदाचा उपयोग होईल का, हे फरहानालाही सांगता आलं नाही आणि त्यांनी खोटा धीर दिला नाही.

दिवाळीनंतर मशीन आलं. मी तिथे नव्हते, फरहानाने सांगितलं. मशीन लाल टिंबांच्या ओळीने काठ उकरत गयाबाईच्या हद्दीपर्यंत आलं. मुकादमाने फोन बघितला, पुढे हिरवं होतं, काढायला काही नव्हतं. त्याने हात केला आणि मशीन रस्त्याने वळसा घालून पलीकडे गेलं. दादाराव तेवढा वेळ हद्दीवर उभे होते. गयाबाई घरात पाठ करून बसली होती. मशीन पलीकडे सुरू झाल्याचा आवाज आल्यावर तिने आतूनच विचारलं, "गेलं का?"

मी दादारावांना शेवटचं पाहिलं ते पुढच्या वर्षी, पाऊस ओसरल्यावर. गयाबाईने मला शेंगा न्यायला बोलावलं होतं. निर्गुडी कमरेच्या वर गेली होती, निळसर फुलं आली होती. दादाराव कुंपणाच्या कडेने जात होते आणि दोन पावलं झाली की थांबून आपला बूट घातलेला पाय निर्गुडीत खुपसून बघत होते, आरपार जातो का. जिथे गेला तिथे बाजूच्या फांद्या ओढून एकमेकींत गुंतवत होते. मी जाते म्हणून हाक मारली. त्यांचा एक पाय कुंपणात होता. त्यांनी मान वळवली आणि म्हणाले, "इथून करडू जाईल, बाई. एवढं बुजवतो. तुम्ही व्हा पुढं." मी जीप पकडायला निघाले. वळणावरून बघितलं तेव्हा ते पुढच्या जागी पाय घालत होते.

त्यानंतर लगेचच ते बजाजनगरला मुलाकडे राहायला गेले आणि त्या हिवाळ्यात तिथेच एका दुपारी झोपेत वारले.

कॉलेजचं ते काम आता संपलं आहे. नकाशाचं पान उघडत नाही. आमच्या गल्लीत गाजरगवत दर पावसाळ्यात येतं आणि आम्ही चौघं जण ते उपटतो. गयाबाईचं नाव जमिनीला अजून लागलेलं नाही. पण जमीन तीच कसते, यंदाही तिने तूर पेरली आहे. निर्गुडीचं कुंपण चारही साखळ्या उभं आहे आणि त्यातून शेळी जात नाही.